आतले माप

मोटारीच्या डिकीत बसवायची सबवूफरची पेटी तयार विकत घ्यावी की सुताराकडून करवून घ्यावी, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकांनी चर्चेला घ्यावा हे काहींना अप्रस्तुत वाटेल. वाटो. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी मराठी विषय घेतलेला विद्यार्थी सकाळी आकृतिबंधाची व्याख्या पाठ करतो आणि संध्याकाळी थोरल्या भावाच्या जुन्या ऑल्टोत खर्ज कसा घुमवता येईल याची चौकशी करत हिंडतो. पहिल्या बाबतीत तो गाईडवर विसंबतो, दुसऱ्या बाबतीत दुकानदारावर. दोन्ही ठिकाणी त्याला एकच सल्ला मिळतो : तयार मिळते आहे, उगाच डोके कशाला शिणवता? आमचे भांडण या सल्ल्याशी आहे. आणि ओघात आणखी एका पक्षाशीही आहे, जो आमच्याच पंगतीत बसतो. त्याचा समाचार पुढे घेऊ.

आधी पेटी म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. कारण या वादातले बहुतेक बोलणारे पेटीला वेष्टण समजूनच बोलतात. सबवूफर म्हणजे केवळ खर्जासाठी केलेला मोठा ध्वनिक्षेपक. साधारण २० ते १०० हर्ट्झ हा त्याचा मुलूख. त्याचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. मध्ये आडपडदा नसेल तर मागची विरळ हवा पुढच्या दाबाला गिळून टाकते. म्हणून उघड्यावर टेबलावर ठेवलेला बारा इंची सबवूफर कितीही वीज दिली तरी केविलवाणा फडफडतो. त्यातून खर्ज निघत नाही. या दोन लाटांची फारकत करणे हे पेटीचे पहिले काम. दुसरे काम अधिक नाजूक आहे. बंद पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पडदा आत आला की ती त्याला बाहेर लोटते, बाहेर गेला की आत ओढते. पेटी लहान असेल तर ही स्प्रिंग ताठ, मोठी असेल तर सैल. एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली ती याच एका कल्पनेच्या बळावर : पडद्याला आवरण्याचे काम कापडाच्या वा रबराच्या कडेकडून काढून घेऊन मुख्यतः कोंडलेल्या हवेकडे सोपवायचे. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी रिचर्ड स्मॉल यांनी या साऱ्याचे गणित मांडले. आज कोणत्याही बऱ्या सबवूफरसोबत जो कागद येतो त्यावरचे आकडे थील-स्मॉल यांच्या नावानेच ओळखले जातात. त्या कागदावर कंपनी स्वतःच लिहून देते : बंद पेटी हवी असेल तर आत इतके लिटर हवा, नळीची पेटी हवी असेल तर इतके. आमच्या अनुभवात हा कागद खोक्याबरोबर पहिल्याच दिवशी केराच्या टोपलीत जातो.

हे सारे परदेशी वाटत असेल तर डग्गा आठवावा. डग्ग्याचे भांडे तबल्याला शोभा म्हणून जोडलेले नाही. त्याच्या पोटातली कोंडलेली हवा आणि वरचे कातडे मिळून तो खर्ज होतो. भांडे बदला, डग्गा बदलतो. तुळजापूरच्या वाटेवर गोंधळ्यांच्या कमरेला बांधलेल्या संबळाच्या दोन भांड्यांचा आकार एकसारखा नसतो, तो काही कारागिराच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडताना त्याची गोलाई आणि सालीची जाडी पाहतात. तारा बाजारातून आणता येतात. भोपळा पारखावा लागतो.

आता आमच्या विषयाकडे वळतो. मराठीच्या वर्गात आपण वर्षानुवर्षे आशय आणि आकृतिबंध यांचे नाते कसे शिकवतो? भांडे आणि पाणी. आशय पाण्यासारखा, आकृतिबंध भांड्यासारखा. भांडे निराळे, पाणी तेच. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा पाठपुरावा केला, त्याला आता सत्तर वर्षे झाली, तरी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतले भांडे काही फुटत नाही. सबवूफरच्या पेटीने ते एका दुपारीत फुटावे. एकच ध्वनिक्षेपक २० लिटरच्या पेटीत घाला आणि ६० लिटरच्या पेटीत घाला. ही दोन वाद्ये आहेत. भांड्यात ओतल्यावर पाणी पाणीच राहते. इथे भांडे वाजते. ज्याला हे हाताने आणि कानाने एकदा कळले त्याला ‘घाट’ या शब्दाची फोड करून सांगावी लागत नाही. म्हणून आम्हाला हा विषय जवळचा वाटतो.

तयार पेटीच्या कैवाऱ्यांचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडायचे तर ते असे : कारखान्यात यंत्रावर कापलेल्या फळ्यांचे सांधे घट्ट बसतात, वर कार्पेट स्वच्छ चिकटवलेले असते, पैसे दिले की वस्तू हातात पडते, सुताराकडे दहा खेपा घालाव्या लागत नाहीत. यातले शेवटचे खरेच आहे, आणि सुताराच्या ‘उद्या’चा अनुभव ज्याने घेतला नाही त्याने आमच्याशी वाद घालू नये. पण उमरग्याच्या, लातूरच्या वा सोलापूरच्या कार डेकोरच्या दुकानात टांगलेल्या पेट्यांवर काय लिहिलेले असते ते पाहा. ‘बारा इंची’. म्हणजे भोकाचा व्यास. आत हवा किती लिटर, नळी असेल तर ती किती हर्ट्झला लावलेली, याचा बहुधा उल्लेखही नसतो. दुकानदाराला विचारले तर तो पेटी ठोकून दाखवतो. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी पेटी अस्तित्वात आहे ती गोष्ट सोडून बाकी सर्व माहिती गिऱ्हाइकाला मिळते. कोणत्याही बारा इंची ध्वनिक्षेपकाला बसावी म्हणून केलेली पेटी कोणत्याच ध्वनिक्षेपकासाठी केलेली नसते. ‘संभाव्य प्रश्नोत्तरे’ छापणाऱ्या गाईडांचे गणितही याहून वेगळे नाही. ती कोणत्याही कादंबरीला बसणारी उत्तरे असतात. पात्रांची नावे तेवढी बदलायची.

तेव्हा पेटी करवून घ्यावी, या बाजूचे आम्ही आहोत. पण इथे आमच्याच पंगतीतला तो दुसरा पक्ष टाळ्या वाजवायला पुढे सरसावतो, त्याला थांबवले पाहिजे. हा पक्ष म्हणतो, हाताने केलेले ते अस्सल, गावात घडलेले ते आपले, सुताराचा रंधा म्हणजे संस्कृती आणि कारखाना म्हणजे तिचा ऱ्हास. देशीवादाचे चार शब्द उसने घेऊन ही मंडळी सुतारावर अशी काही कविता करतात की बिचाऱ्या सुताराला स्वतःची ओळख पटू नये. त्र्यंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. कारूनारूंची माहिती हवी असली की आपण सारे त्याच्याकडे धावतो. पण तो बलुत्याचे गोडवे गाण्यासाठी लिहिलेला ग्रंथ नाही, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. (लोहारा हे नाव लोहारावरून आले काय, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. व्युत्पत्तीच्या या मोहात आम्ही पडणार नाही. गावाच्या नावात कारागीर असला म्हणून गावात कारागिरी शिल्लक असतेच असे नाही.)

हाताने, इथेच, इथल्याच मातीत केलेले म्हणजे चांगले, हे वाक्य निदान या तालुक्यात तरी कोणी सहज उच्चारू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, गाढ झोपेत असलेल्या हजारो माणसांचा जीव घेतला तो दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीच्या थरांनी. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर त्या गावांपैकीच एक. ती घरे कोणत्याही कारखान्यात तयार झालेली नव्हती. गवंड्याने, सुताराने, घरच्या माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या बांधली होती; गळती थांबावी म्हणून दरसाल माळवदावर मातीचा नवा थर चढत गेला होता. एका पेटीच्या गोष्टीसाठी आम्ही या मृत्यूंचा दाखला हलक्या मनाने देत नाही. पण तयार की करवून घेतलेले, हा वाद या भागात लाकडाच्या पेटीपुरता कधीच नव्हता, तो छप्पर आणि भिंत यांचा होता. आणि त्याचा निकाल काय लागला तो पाहण्यासारखा आहे. पन्नासांहून अधिक गावे नव्या जागी हलवली गेली. तिथे आखीव रस्त्यांवर एका साच्याची घरे उभी राहिली. ती मजबूत होती, यात वाद नाही. पण गोठा कुठे, कडबा कुठे, म्हातारीने उन्हाला बसायचे कुठे, हे साच्याला ठाऊक नव्हते, आणि लोकांनी पत्रे ठोकून, ओटे वाढवून त्याला ते हळूहळू शिकवले. जिथे घरे पूर्ण पडली नव्हती अशा असंख्य गावांत मात्र दुरुस्ती मालकाच्या हाती दिली गेली. गवंडी गावाकडचाच, दगड तोच. पण भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड किती अंतरावर घालायचे, पट्टा कोणत्या उंचीवर फिरवायचा, माळवदावरची माती किती उतरवायची, हे सांगणारा अभियंत्याचा कागद सोबत होता. गावचा हात आणि मोजलेला कागद यांची अशी गाठ पडते तेव्हा जे घडते त्याला आम्ही करवून घेणे म्हणतो. नुसता हात नव्हे.

पेटीच्या बाबतीत ही गाठ नेमकी कुठे सुटते ते सांगतो. समजा, ध्वनिक्षेपकाच्या कागदावर बंद पेटीसाठी साधारण ३० लिटर लिहिले आहे. मुलगा हिशेब करून सुताराला सांगतो : लांबी ४५, उंची ३५, खोली २० सेंटिमीटर. गुणाकार साडेएकतीस लिटरचा येतो; ध्वनिक्षेपकाचे बूड एकदोन लिटर जागा खाईल, म्हणजे माप बरोबर. सुतार १८ मिलिमीटरचे एमडीएफ घेतो, त्याच्या भाषेत जवळजवळ सहा सूत, आणि गुण्याला पक्की, सुबक पेटी करून देतो. बाहेरून ४५, ३५, २०. कारण सुतार कपाट करतो, दिवाण करतो, आणि कपाटाचे माप नेहमी बाहेरून घेतात. ते भिंतीच्या कोनाड्यात बसायचे असते. या पेटीच्या आत हवा उरते ती ४१.४ गुणिले ३१.४ गुणिले १६.४, म्हणजे सव्वाएकवीस लिटर. एक तृतीयांश हवा लाकडाने खाल्ली. स्प्रिंग ताठ झाली, खालचा खर्ज गळाला, मधल्या पट्टीतला एक ढब्बू आवाज तेवढा उसळून वर आला. मुलगा म्हणतो, सुताराने वाट लावली. त्यापेक्षा तयार परवडली असती. सुतार म्हणतो, सांगितले तेच केले. दोघेही खरे बोलतात. आतले माप आणि बाहेरचे माप यांत फरक असतो, एवढे एक वाक्य दोघांमध्ये कोणी बोलले नाही.

नळीच्या पेटीत तर हे आणखी महागात पडते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एकाच सुरात घुमते. बाटलीतली हवा स्प्रिंग, मानेतली हवा वजन. हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात याचे सूत्र मांडले आणि नळीची पेटी त्याच सूत्रावर चालते. आत ५० लिटर हवा आणि १० सेंटिमीटर व्यासाची नळी असेल, तर ३५ हर्ट्झला घुमण्यासाठी नळीची लांबी ३१ सेंटिमीटरच्या आसपास यावी लागते. मोरीच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइपचा १५ सेंटिमीटरचा तुकडा बसवला, तर पेटी ४६ हर्ट्झला घुमते. म्हणजे जवळजवळ पाच सूर वर. गाण्याच्या परीक्षेत जो मुलगा इतका बेसूर गाईल त्याला आपण नापास करू. पेटीला मात्र ‘काय वाजते!’ म्हणून दाद देतो, कारण ती जोरात वाजते.

खर्चाचाही मुद्दा आहेच, आणि तो नेहमी उलटा मांडला जातो. वर सांगितलेली साडेएकतीस लिटरची पेटी, आतले माप धरून केली, तर तिला सुमारे साडेआठ चौरस फूट फळी लागते. आठ बाय चारच्या एका फळीत तीन पेट्या होतील. एका पेटीपुरता माल तर स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या करून उरलेल्या तुकड्यांतही निघतो. बाकी फेव्हिकॉल, स्क्रू आणि मजुरी. एमडीएफला पाणी लागले की ते फुगते, एवढी काळजी घ्यावी, आणि कापताना नाकातोंडावर रुमाल बांधावा. तो भुसा बरा नव्हे. आणि हे पैसे गावात राहतात, असेही कोणी म्हणेल. म्हणो, पण आमचा आग्रह त्यासाठी नाही. सुताराला दया नको आहे, काम हवे आहे, आणि तेही ज्याला काय हवे ते सांगता येते अशा गिऱ्हाइकाचे.

डिकीचाही विचार करावा लागतो, आणि तो दुकानात कोणी करत नाही. ऑल्टो ८०० ची डिकी १७७ लिटरची. आत ६० लिटर हवा धरणारी नळीची पेटी लाकडासकट बाहेरून ७९ लिटर जागा घेते. म्हणजे जवळजवळ निम्मी डिकी गेली. लग्नसराईत चार बॅगा कुठे ठेवायच्या? बंद पेटी ४४ लिटरमध्ये बसते. शिवाय मोटारीचा बंद डबा इतका लहान असतो की अगदी खालच्या सुरांना तो स्वतःच बळ देतो. घरातल्या खोलीत जी बंद पेटी थोडी कोरडी वाटते ती मोटारीत भरून येते. हा हिशेब गाडी आणि घर पाहून करायचा असतो. म्हणूनच, ज्या गाडीत स्टेपनीच्या खळग्यात किंवा सीटखाली बसणारा साचेबंद संच त्या गाडीसाठीच मोजून तयार केलेला मिळतो, तिथे तो खुशाल विकत घ्यावा. सुताराच्या हातून तसला वळणदार साचा निघणार नाही, आणि तिथे मोजणी आधीच कोणी तरी केलेली आहे. वस्तू कोणी केली यापेक्षा ती कोणी मोजली हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

आमचे एक स्नेही म्हणतात, तुम्ही मापाचे एवढे कौतुक करता. पण उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत, कान फाटेल असा टेप लावून रात्री गावातून जातात, मागच्या गाडीचा हॉर्न चालकाला ऐकू येत नाही, त्याचे काय? तिथेही कोणी तरी पेटी करवूनच घेतली आहे ना? आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो टोलवणार नाही. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते. अशी लाट घराला वळसा घालून जाते. खिडकी लावली तरी ती भिंतीतून, पत्र्यातून येते, आणि घरातल्या भांड्यांची थरथर या भागातल्या ज्या माणसांना १९९३ आठवते त्यांना नुसते गाणे म्हणून ऐकता येत नाही. इथे सरकारी मापाचाही उपयोग बेताचाच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण ही मोजणी ज्या ‘ए’ पट्टीवर होते ती कानाच्या मंद आवाजातल्या सवयीवर बेतलेली असल्यामुळे ४० हर्ट्झच्या सुराला तब्बल ३५ डेसिबलची सूट देते. म्हणजे ज्या आवाजाने पत्रा थरथरतो तोच यंत्रावर साळसूद दिसतो. पेटी आपल्या हिशेबाने करवून घेणाऱ्याला निदान हे टाळता येत नाही की आत किती हवा, किती घुमारा आणि तो कोणासाठी, हे आधी ठरवावे लागते. बंद पेटी की नळीची, गाडीत बसलेल्या चौघांसाठी की रस्त्यावरच्या चारशेंसाठी, हा निर्णय फळी कापण्यापूर्वीचा आहे. तयार पेटी घेणाऱ्याच्या वतीने तो दुसऱ्या कोणी तरी घेतलेला असतो, आणि तो बहुधा चारशेंच्या बाजूने असतो. दुकानात ठोकून दाखवायला तीच पेटी बरी पडते.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो आमच्या काही सहकाऱ्यांचा लाडका आहे : तालुक्याच्या सुताराला थील-स्मॉल कसे कळणार? त्याला ते कळायची गरजच काय? तो कागद वाचणे हे आपले काम आहे. बारावीपर्यंतचा गुणाकार त्याला पुरतो. सुताराला चार आकडे हवे असतात. आतली लांबी, आतली उंची, आतली खोली, भोकाचा व्यास. ते तोंडी सांगू नयेत. त्याच्याच कानामागची पेन्सिल मागून घ्यावी, त्याच्याच फळीवर लिहावेत, आणि पहिल्या तीन आकड्यांपुढे ‘आतून’ हा शब्द ठळक काढावा. मग फळीची जाडी दोन्ही अंगांना किती धरायची, हे तो आपल्याला सांगतो.